नदीकाठची स्मृतिपेटी
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दिवंगतांच्या स्मरणाविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी हयात शाळेच्या चार भिंतींत गेलेली. तेव्हा पांडित्याची अपेक्षा न धरता आपण ऐकून घ्यावे, ही विनंती.

आमचे वडील बंधू वाईस कैलासवासी झाले. त्यांची कन्या अमेरिकेत हडसन नदीच्या काठी एका गावी राहते. वर्षश्राद्धाच्या सुमारास तिचे पत्र आले की, तेथील नदीकाठच्या उद्यानात, अधिकाऱ्यांची अनुमती घेऊन, तिने पित्याच्या स्मरणार्थ एक लहानशी पेटी दडवून ठेवली आहे. घरातील वडीलधाऱ्यांस हे रुचले नाही. “स्मारक करावयाचे, तर ते लपवावयाचे कशाला?” असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते आपणांपुढे ठेवतो.

ही चाल मूळची इंग्लंडातील. डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा उजाड, दलदलीचा मुलूख आहे. तेथे जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तेथवर पायपीट करून येणाऱ्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे, एवढाच हेतू. पुढे लोक स्वतःचा पत्ता घातलेली पोस्टकार्डे तेथे ठेवू लागले. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाने ती नेऊन टपालात टाकावीत, असा रिवाज पडला. म्हणून या पेटीस ‘लेटरबॉक्स’ हे नाव. त्याच मुलुखाची वाट न् वाट तुडवून १९०९ साली मार्गदर्शक ग्रंथ लिहिणारे विल्यम क्रॉसिंग १९२८ साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ १९३८ साली डक्स पूल येथे अशीच पेटी बसविण्यात आली. म्हणजे पेटीच्या रूपाने माणसाचे स्मरण करणे, हे आमच्या पुतणीचे खूळ नव्हे. अमेरिकेत मात्र हा छंद फैलावला तो १९९८ साली ‘स्मिथसोनियन’ मासिकात त्यावर लेख आल्यानंतर.

पेटीत असते काय? एक कोरी वही आणि हाताने कोरलेला रबरी शिक्का. पाणी शिरू नये अशी पेटी झाडाच्या ढोलीत किंवा दगडाआड ठेवतात आणि अमुक बाकापासून इतकी पावले, अशा खुणा प्रसिद्ध करतात. शोधणारा आपली वही व आपला शिक्का घेऊन येतो. पेटीतला शिक्का आपल्या वहीत उमटवतो, आपला शिक्का पेटीतल्या वहीत उमटवतो, आणि पेटी होती तशी ठेवून निघून जातो.

आमच्या पुतणीने शिक्क्यावर छत्री कोरली. वहीच्या पहिल्या पानावर तिने लिहिले की, माझे वडील रोज सायंकाळी कृष्णेच्या घाटावर जात, आणि कोणी भिजताना दिसला तर आपली छत्री त्यास देऊन स्वतः भिजत घरी येत. त्यापुढील पानांवर आता परक्यांचे शिक्के उमटले आहेत. कोणाचे कासव, कोणाचे पिंपळपानासारखे पान. एकाने लिहिले आहे की, पेटी सापडली तेव्हा पाऊस पडत होता आणि छत्री पाहून हसू आले.

आपणांस हे सर्वस्वी परके वाटण्याचे कारण नाही. नाशिकास रामकुंडावर अस्थिविसर्जनास गेलेल्यांनी तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या असतील. गाव व आडनाव सांगताच आजोबा-पणजोबांचे हस्ताक्षर पुढे येते आणि त्याखाली आपण आपले नाव लिहितो. तीही नदीकाठची वहीच. मात्र ती वही आपल्याच कुळासाठी उघडते. हडसनकाठची वही ज्याला आमच्या बंधूंचे नाव, गाव, ज्ञात काहीच ठाऊक नाही, त्याच्यासाठी उघडते.

वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते येथेच आहे. फलकावरील नाव येणारे-जाणारे पाहतात. परंतु थांबून वाचतात किती? शोधून काढलेल्या वस्तूपाशी मात्र मनुष्य थांबतो, पहिले पान वाचतो आणि आपली खूण ठेवून जातो. आमच्या बंधूंनी छत्री दिली ती कोणाचे कूळ विचारून दिली नव्हती. त्यांचे स्मरणही तसेच, न विचारता, कोणाच्याही हाती लागावे, हे त्यांच्या स्वभावास शोभून दिसते.

मंडळाच्या सभागृहातील तसबिरी व देणगीचे फलक उतरवावेत, असे आम्ही म्हणत नाही. एवढेच सुचवितो की, पुढील अंकात दिवंगतांची यादी छापताना प्रत्येक नावापुढे जन्ममृत्यूच्या तिथींबरोबर एक ओळ अधिक असावी. तो मनुष्य परक्यासाठी काय करीत असे, ते त्या ओळीत यावे. ही ओळ घरच्यांनीच लिहून पाठवावी, आणि ज्यांनी तो मनुष्य पाहिला ती वृद्ध माणसे हयात आहेत तोवर पाठवावी. नाव कुळात राहते; ही ओळ मात्र कोणीही वाचणारा आपल्याबरोबर नेऊ शकतो.