बोरघाटाच्या पायथ्याशी स्वागत



औद्योगिक नियंत्रण प्रणालींच्या सायबर सुरक्षेच्या या प्राथमिक प्रशिक्षण परिषदेला आलेल्या प्रत्येक पाहुण्याचे खोपोली मनापासून स्वागत करते. मोठ्या शहरात सोयी अधिक मिळाल्या असत्या. पण या विषयाचा पहिला मान खोपोलीचा, अशी स्वागत समितीची श्रद्धा आहे.

नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आजही गावाचे वैभव आहे. १८५६ मध्ये आगगाडी इथपर्यंत आली आणि घाटापुढे थबकली. प्रवासी इथे उतरून पालखीने खंडाळा गाठत. १८६३ मध्ये लोहमार्ग घाट चढला. त्याची वाट साहेबांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली, असे इथल्या पिढ्या सांगत आल्या आहेत. बक्षिसादाखल त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्यापायी जीव गमावला, असेही लोककथा सांगते. सरकारी कागदांत नसेल, पण जुन्या घाटरस्त्यावर त्याचे देऊळ आहे, आणि ट्रकचालक तिथे आजही गाडी सावकाश करून नाणे वाहतात. दुर्बिणी आणि नकाशे साहेबांकडे होते. डोंगर ठाऊक होता तो गुरे चारणाऱ्याला. खोपोलीने त्याचे नाव विसरू नये.

आणि मग वीजगृह! सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसातून वीज काढण्याची कल्पना डेव्हिड गॉस्लिंग यांनी मांडली, जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली आणि त्यांच्या पश्चात १९१० मध्ये कंपनी उभी राहिली. लोणावळा, वळवण, शिरवटा इथे पाणी अडवले गेले. सुमारे पाचशे मीटर खाली झेपावणाऱ्या त्या पाण्यावर १९१५ मध्ये खोपोलीची यंत्रे फिरली आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. भिवपुरीचे वीजगृह १९२२ चे, भिऱ्याचे १९२७ चे. थोरले भावंड खोपोलीच. वीज देऊन झाल्यावर तेच पाणी पाताळगंगेतून पुढे लोकांच्या आणि कारखान्यांच्या उपयोगी पडते. एका पाण्याने इतके उपकार करावेत, याहून गावाला दुसरा अभिमान कोणता?

त्या काळी झडपेचे चाक माणूस हाताने फिरवी. आज तो हुकूम संगणकातून सुटतो, म्हणून ही परिषद. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनच्या वीज वितरण कंपन्यांतील कर्मचाऱ्यांनी आपल्याच पडद्यावरचा बाण आपोआप सरकताना आणि एकेक उपकेंद्र बंद होताना पाहिले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. घुसखोरीची सुरुवात कित्येक महिने आधी, कार्यालयांत आलेल्या ईमेलच्या जोडपत्रांतून झाली होती. काही तासांत वीज परतली, कारण माणसांनी उपकेंद्रांवर जाऊन हातांनी खटके ओढले. आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीज जाऊन मुंबई ठप्प झाली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. त्यामागे सायबर घातपात होता की नाही, यावर राज्य आणि केंद्र यांचे एकमत झाले नाही. पण खटका पडला की काय होते, ते सर्वांनी पाहिले.

कार्यालयातला संगणक दुरुस्तीसाठी तासभर बंद ठेवता येतो. चालत्या जनित्राचा किंवा जलशुद्धीकरण केंद्राचा नियंत्रक तसा ठेवता येत नाही. म्हणून हे शिक्षण वेगळे आहे. कार्यालयाचे जाळे आणि यंत्रांचे जाळे वेगळे राखणे, बाहेरून आलेला पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय न जोडणे, यंत्राबरोबर कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणे: सुरुवात इथूनच. आणि ती मोठ्या साहेबांआधी रात्रपाळीच्या ऑपरेटरपासून व्हावी, असा समितीचा आग्रह आहे. शिंगरोबाप्रमाणे डोंगर त्यालाच ठाऊक असतो.

आता क्षमायाचना. सर्वांना एका ठिकाणी उतरवता आले नाही; काहींची सोय लोणावळ्यात झाली आहे आणि त्यांना रोज घाट उतरावा लागेल. खोपोलीच्या लोकल मोजक्याच असल्याने स्थानकावर कित्येकांना ताटकळावे लागले. सभागृहात मागच्या रांगांना पडदा नीट दिसत नाही, पंखे अपुरे आहेत, काल रात्री जेवणाची दुसरी पंगत उशिरा बसली. या साऱ्याबद्दल समिती हात जोडून क्षमा मागते.

सभागृह विनामूल्य देणारे विश्वस्त, जेवणखर्चाचा मोठा वाटा उचलणारे व्यापारी, न्याहारीचे बटाटेवडे पहाटेपासून तळणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, घरातल्या खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या करणारी कुटुंबे, रिक्षाचालक, मांडववाले, स्वयंसेवक विद्यार्थी आणि नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणारे सेवानिवृत्त वीज कामगार, या सर्वांचे ऋण समिती मानते. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर त्याने रागावू नये.

प्रतिनिधींना एकच विनंती. घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात आपल्या कारखान्यातले कोणते यंत्र कोणत्या तारेने कशाला जोडले आहे, याची यादी करावी, बाहेरच्या जगाकडे जाणारी प्रत्येक वाट तिच्यात नोंदवावी आणि ती यादी कुणालाही न दाखवता थेट आपल्या वरिष्ठांच्या हाती द्यावी.