चॉकलेटच्या कारखान्यातील अदृश्य हात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राचा जुना मास्तर अभ्यासवर्गात येऊन मुलांच्या सिनेमावर बोलणार, हे कळल्यावर संयोजकांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. विषय माझ्या नातीने दिला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या शेजारी बसून विली वाँका या चॉकलेट कारखानदाराचे तिन्ही चित्रपट मी पाहिले. १९७१ चा, २००५ चा आणि २०२३ चा. चॉकलेटची नदी, कधीच न विरघळणारी गोळी, चाटता येणारा भिंतीवरचा कागद या साऱ्यांत तिच्याइतकाच मीही रमलो, हे आधीच कबूल करतो. मुलाच्या तोंडचा गोड घास काढून घेऊन त्याला वर्गविग्रहाचा पाठ देणाऱ्यांपैकी मी नव्हे. परंतु हे बनविले कोणी आणि त्याला काय मिळाले, हे विचारण्याची खोड आयुष्यभर लागलेली. ती सिनेमा पाहतानाही सुटत नाही.

मूळ कथा रोआल्ड डाल या ब्रिटिश लेखकाची; पुस्तक १९६४ चे. १९७१ च्या चित्रपटासाठी सुमारे ३० लाख डॉलरचे भांडवल पुरविले ते अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने. कंपनीला ‘वाँका’ नावाची चॉकलेटची वडी बाजारात आणावयाची होती. म्हणून पुस्तकाच्या नावात असलेला गरीब घरचा चार्ली चित्रपटाच्या नावातून गेला आणि त्याच्या जागी कारखानदार आला. पुढे मिश्रणातील दोषामुळे ती वडी बाजारात टिकली नाही. चित्रपट मात्र अजून पाहिला जातो. माल वितळला आणि जाहिरात शिल्लक राहिली, असा प्रकार माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

आता टिम बर्टन यांच्या २००५ च्या चित्रपटाकडे वळू. चार्लीचे वडील दंतमंजनाच्या, म्हणजे टूथपेस्टच्या कारखान्यात नळ्यांना टोपणे बसविण्याचे काम करतात. वाँकाने स्पर्धा जाहीर करताच चॉकलेटचा खप वाढतो. खप वाढल्याने मुलांचे दात किडतात, दात किडल्याने टूथपेस्टची मागणी वाढते, मागणीमुळे मालकाचा नफा वाढतो आणि त्या वाढीव नफ्यातून मालक यंत्र आणून चार्लीच्या वडिलांना घरी बसवितो! मागणी वाढली की रोजगार वाढतो, असे आम्ही वर्गात फळ्यावर रेषा काढून सांगत आलो. येथे तेजीनेच कामगाराचा घास घेतला, आणि तोही एका विनोदी प्रसंगात, एका मिनिटात. शेवटी त्याला पुन्हा काम मिळते. ते आपली जागा घेणाऱ्या यंत्राच्या दुरुस्तीचे! पटकथाकाराने हे हसण्यासाठी लिहिले असेल. मी मात्र तेथे हसू शकलो नाही.

याच चित्रपटात चार्लीचे आजोबा वाँकाचे जुने कामगार आहेत. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे हेर पाककृती चोरतात म्हणून वाँकाने एके दिवशी सर्वांनाच कायमचे घरी पाठविले. चोर थोडे, शिक्षा सर्वांना. नुकसानभरपाई नाही, नोटीस नाही, युनियनचा तर उल्लेखही नाही. पुढे नातवाला कारखाना पाहण्याचे तिकीट मिळते, तेव्हा अंथरुणाला खिळलेला हा म्हातारा उठून नाचू लागतो. फाटकाशी वाँका त्याला विचारतो ते एवढेच, की तू त्या हेरांपैकी होतास काय. तो नाही म्हणतो आणि त्याचे स्वागत होते. ज्या फाटकातून त्याला कामगार म्हणून बाहेर काढले, त्याच फाटकातून पाहुणा म्हणून आत जाण्यात तो कृतार्थ आहे. गिरणगावात टाळे लागलेल्या फाटकासमोर उभे राहिलेल्यांना हे दृश्य कसे वाटेल?

टाळे लागल्यावर कारखाना चालविला कोणी? ऊंपा-लूंपांनी. दूरच्या जंगलातून आणलेली ही बुटकी माणसे कारखान्यातच राहतात, बाहेर जात नाहीत, गाणी गातात आणि मजुरी घेतात ती कोकोच्या बियांत. ज्या पिकातून मालकाचा माल बनतो, तेच पीक मजुरीत! १९६४ च्या पुस्तकात ही माणसे आफ्रिकेतील पिग्मी होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने आक्षेप घेतला आणि १९७३ च्या आवृत्तीत त्यांचे वर्णन बदलण्यात आले. रंग बदलला, मजुरीचा करार तसाच राहिला. २००५ च्या चित्रपटात असे १६५ ऊंपा-लूंपा आहेत आणि ते सर्व डीप रॉय या एकाच नटाने साकारले आहेत. नैरोबीत भारतीय आईबापांच्या पोटी जन्मलेल्या या कलावंताच्या श्रमाचा १६५ वेळा केलेला हा गुणाकार!

आफ्रिका पुस्तकातून पुसता आली. कोकोच्या व्यापारातून ती कशी पुसणार? जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तेथील कोकोच्या शेतीत मुलांना राबविण्याचे वाईटातले वाईट प्रकार २००५ पर्यंत थांबवू, असे वचन बड्या चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये दिले होते. मुदतीचे ते वर्ष उलटले, पुढच्या तारखा पडत गेल्या. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेने २०२० मध्ये अंदाज दिला, तो या दोन देशांत कोकोच्या कामात बालमजुरी करणाऱ्या सुमारे १५ लाख ६० हजार मुलांचा. वचनाच्या मुदतीच्याच वर्षी पडद्यावर चॉकलेटचा धबधबा कोसळत होता, हा योगायोग मी केवळ नोंदवून ठेवतो.

पॉल किंग यांचा २०२३ चा चित्रपट या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटला. तरुण वाँका निरक्षर आहे. एका धोबीखान्याच्या मालकिणीच्या कागदावर न वाचता सही करतो आणि कर्जापोटी तेथेच राबू लागतो. जिना चढण्या-उतरण्याचेही पैसे त्याच्या नावावर चढतात. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने बंदी घातलेली वेठबिगारी ओळखण्यास या सभागृहात कोणाला टीप लागणार नाही. शहरातील तीन चॉकलेटवाले संगनमत करून माल पातळ करतात, उरलेला चॉकलेटचा साठा प्रार्थनामंदिराखाली लपवितात आणि पोलीसप्रमुखाला चॉकलेटचीच लाच चारतात. वाँका वाचायला शिकतो ते तेथेच राबणाऱ्या एका अनाथ मुलीकडून; आणि मक्तेदारांची दुसरी, खरी हिशेबवही असते हे ठाऊक असतो तो त्यांच्याकडचाच जुना हिशेबनीस, तोही वेठीला धरलेला. हा भाग मला फार आवडला. जादूने जे साधत नाही, ते अक्षरओळखीने आणि हिशेबाच्या वहीने साधते.

आणि याच चित्रपटात एक ऊंपा-लूंपा रात्री येऊन वाँकाची चॉकलेटे चोरतो. हा चोर आहे, असे माझ्या नातीनेही क्षणभर मानले. मग तो आपली बाजू सांगतो. त्याच्या पहाऱ्याच्या वेळी वाँकाने त्याच्या देशातून कोकोच्या बिया नेल्या. त्यापायी त्याला हद्दपार व्हावे लागले. आता तो हजारपटीने वसुली करीत आहे. बिया होत्या अवघ्या तीन. या तीन चित्रपटांत कारखानदारापुढे देण्याचा हिशेब ठेवणारा कच्च्या मालाच्या देशातला हा एकच माणूस, आणि चित्रपटाने त्याला हसण्यासाठी एका काचेच्या भांड्यात उभे केले आहे. अखेरीस वाँका त्याला कारखान्यात चव पाहण्याच्या खात्याचा प्रमुख नेमतो. मालकीत वाटा किती, हे तो विचारीत नाही. नातीला मी तो प्रश्न विचारून पाहिला. ती म्हणाली, “आजोबा, निम्मा.”

आता तुमचे प्रश्न घेऊ.