मधली चित्रे



संप, मोर्चा, पगारवाढ यांवर बोलायला आम्हांला कोणीही, केव्हाही उभे करावे. पण हाताने काढलेल्या चित्रांचा सिनेमा कसा शिकतात, या विषयावर आम्हांला बोलावणे आले, तेव्हा घरच्या मंडळींना हसू आवरेना. त्यांचेही बरोबर आहे. आमचे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढे जे काही झाले ते वाचनालयात आणि मोंढ्यात. चित्रशाळेची पायरी आम्ही कधी चढलो नाही. तरीही या कलेचा पहिला धडा आम्हांला मिळाला आणि तो कोणी दिला, हे सांगण्यासारखे आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही हमालांच्या संघटनेचे काम करीत होतो. वर्गणीचे एक जुने पावतीपुस्तक हाती होते. त्याच्या पानांच्या कोपऱ्यावर आम्ही पोते उचलणारा हमाल काढला. दर पानावर चित्र थोडे पुढे सरकवले. अंगठ्याने पाने सरसर सोडली की हमाल पोते उचलून खांद्यावर घेई. आम्ही खूश झालो आणि चहाच्या वेळी ते मंडळींना दाखवले. एक म्हातारे हमाल पाहत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, ह्या पोत्यात भुसा भरलाय का? क्विंटलाचं पोतं असं उठत नसतं."

मग त्यांनी उठून दाखवले. माणूस आधी वर जात नाही, खाली जातो. पाय फाकतात, गुडघे वाकतात, श्वास कोंडतो. क्षणभर पोते जमीन सोडतच नाही. मग एक हिसका बसतो. ओझे खांद्यावर आले की अंग त्याच्याखाली डोलते आणि एक पाऊल मागे जाते. आम्ही पुन्हा चित्रे काढली. जेथे पोते अडते तेथे जवळजवळची पुष्कळ चित्रे आणि हिसक्याच्या जागी लांबलांबची दोन-तीनच. आता पोत्याला वजन आले. पुढे पुस्तकांतून वाचले तेव्हा कळले, की या कलेचे मर्म तेच आहे. चित्रे दाट तेथे गती मंद, चित्रे विरळ तेथे गती जलद. आमच्या म्हाताऱ्या गुरूंना अक्षरओळख नव्हती, पण वजनाची ओळख चाळीस वर्षांची होती.

आता या कामाचा हिशेब पाहा. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. एकेक चित्र दोनदा टिपले तरी सेकंदाला १२ रेखाटने लागतात. म्हणजे मिनिटाला ७२० आणि दहा मिनिटांच्या पटाला ७,२०० झाली. उस्ताद चित्रकार हालचालीची मुख्य चित्रे काढतो, म्हणजे पोते जमिनीवर, पोते गुडघ्यावर, पोते खांद्यावर. त्यांच्यामधली चित्रे नवशिके भरतात. कागदाला भोके असतात. ती खुंट्यांवर बसवली की चित्र हलत नाही. खालून दिवा लावला की मागचे चित्र दिसते आणि त्यावरून पुढचे काढता येते. नंतर ती सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर शाईने उतरवायची, मागच्या बाजूने रंग भरायचा आणि एकेक पत्रा कॅमेऱ्याखाली धरायचा.

आपल्याकडे याची सुरुवात दादासाहेब फाळक्यांनी केली. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचा वेल वाढताना रोज थोडथोडे टिपून 'अंकुराची वाढ' हा छोटा पट केला. ते चित्र काढणे नव्हते, पण एकेक चौकट धीराने टिपण्याची रीत तीच. पुढे त्यांनी आगकाड्या नाचवणारा पटही केला.

व्यवस्थित शिक्षण मात्र १९५६ साली सुरू झाले. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला आणि डिस्नेच्या कारखान्यात काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवायला आले. त्या तालमीतून 'द बनियन डिअर' हा जातककथेवरचा पट तयार झाला. त्याची रेषा अजिंठ्याच्या भिंतींवरून घेतलेली. मास्तर अमेरिकेचा, पण वळण आपल्या मराठवाड्याच्या लेण्यांचे! याच विभागात राम मोहन घडले. पुढे १९९२ साली जपानी मंडळींबरोबर त्यांनी रामायणावर पूर्ण लांबीचा हस्तचित्रपट केला.

आम्ही कामगारांतले असल्यामुळे आमची नजर उस्तादापाशी थांबत नाही. ती रंग भरणाऱ्या हातांकडे जाते. डिस्नेच्या कारखान्यात हे शाई-रंगाचे काम मुख्यतः मुली करीत. पगार तुटपुंजा, पडद्यावर नाव नाही. १९४१ च्या मे महिन्यात तेथले चित्रकार संपावर गेले आणि अखेर मालकाला युनियन मान्य करावी लागली. ज्या ससे-हरणांना पाहून जगाची मुले हसत होती, ती काढणाऱ्यांना आपल्या घरच्या मुलांसाठी फाटकाबाहेर उभे राहावे लागले. कला मोठी म्हणून कलाकाराचे पोट लहान होत नाही.

आज कागद जवळजवळ गेला आहे. रंग यंत्र भरते आणि मधली चित्रेही आता यंत्रच भरू लागले आहे. फिल्म्स डिव्हिजनही २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आम्ही यंत्राचे वैरी नाही. पोते उचलणारे यंत्र आले तर आम्ही पहिला हार घालू. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. मधली चित्रे काढता काढताच नवशिक्याचा उस्ताद होत असे. ते काम काढून घेतले, तर उद्याचा उस्ताद येणार कोठून?

आपल्या गावच्या बारवेकडे पाहा. वरचा काठ आणि खालचे पाणी ही मुख्य चित्रे. पण मधल्या पायऱ्या नसतील तर पाण्यापर्यंत पोहोचणार कोण? ती पायरी घडवणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही आणि पाय मात्र रोज तिच्यावरच पडतो.

जाता जाता त्या पावतीपुस्तकाचे सांगतो. मागच्या पानांवर आम्ही पन्नास किलोचे पोते उचलणारा हमालही काढला आणि ओझे कमी करण्याच्या बोलणीत दोन्ही चित्रे व्यापारी मंडळींपुढे सोडून दाखवली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच माणसाच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती, तेही सांगितले. पोते त्या दिवशी हलके झाले नाही. पण त्यांच्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी पुस्तक मागून घेतले आणि पहिला हमाल दोनदा उठवून पाहिला. तिसऱ्यांदा त्यांना पाने सोडवेनात.

येथे बसलेल्या मुलामुलींना एवढेच सांगणे आहे. एक जुनी वही घ्या, एक पेन्सिल घ्या. पाणी शेंदणारी आई, पोते उचलणारा बाप आधी डोळे भरून पाहा. ओझे कोठे अडते ते दिसले, की हात आपोआप शिकेल.