छोट्या आगगाडीवरची काजळी



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की पगार, बोनस नाहीतर संप यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. आज माझा विषय आहे खेळण्याएवढ्या आगगाडीचा. थोड्या वळणाने का होईना, गाडी येणार माझ्याच स्टेशनावर, हे आधीच सांगून ठेवतो.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. आपल्यापैकी काहींनी ते पाहिले असेल. तेथील मांडणी एकास सत्त्याऐंशी या प्रमाणाची आहे. मूळ वस्तूचे ८७ मिलिमीटर म्हणजे प्रतिकृतीतला एक. या हिशेबाने साडेपाच फुटी गँगमन अवघा १९ मिलिमीटरचा होतो. या प्रमाणाचा बाजारातला नेहमीचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. तो युरोप-अमेरिकेतल्या चार फूट साडेआठ इंची मार्गाचा. आपल्या जुन्या मीटरगेजला साडेअकरा मिलिमीटर पाहिजेत, म्हणून तेथे १२ मिलिमीटरचा रूळ घ्यावा लागतो.

वाघिणी, केबिन, मालधक्का, पाण्याची टाकी हे सारे सुट्या भागांच्या पेटीतून मिळते. भाग सुरीने कापावेत, कानसीने कडा साफ कराव्यात, आधी नुसतेच जुळवून पाहावेत आणि मगच चिकटवावेत. घाई केली की वाघिणीचे एक चाक अधांतरी राहते आणि ती रूळ सोडते. एवढे हातकाम सवयीने कोणालाही जमते.

खरी परीक्षा पुढे आहे. तयार झालेली वाघीण नव्या बाहुलीसारखी चकचकीत दिसते, आणि ती खरी वाटत नाही. कारण तिच्यावर कोणी काम केलेले नाही. म्हणून जाणकार तिला मुद्दाम मळवतात. काळा रंग खूप पातळ करून फटींत सोडतात आणि वरचा पुसून घेतात. जवळजवळ कोरड्या ब्रशाने कडांवर फिका रंग ओढतात. खडूची पूड बोटाने चोळून धूळ बसवतात आणि वर बिनचकाकीचे व्हार्निश देतात.

पण मळ कोठे लावायचा? येथे पुस्तक पुरत नाही, काम माहीत असावे लागते. रुळाची बाजू गंजलेली असते, पण माथा चाकांनी घासून लखलखतो. ब्रेकचा तपकिरी भुगा डब्याच्या खाली बसतो, छतावर नाही. पाणी जड असेल तर बॉयलरच्या गळत्या जोडांखाली पांढरे ओघळ दिसतात. इंजिन उभे राहते तेथले स्लीपर तेलाने काळे होतात. वसमतला वाघिणीत हळद भरायची असेल, तर दाराच्या उंबऱ्याशी पिवळी झाक पाहिजे.

याच्या उलट, काही हौशी मंडळी प्रत्येक इंजिन भंगारातले असावे तसे गंजवतात. हाही कामगारावर अन्यायच. वाफेच्या काळात इंजिन पुसायला क्लीनर असे. तोच पुढे फायरमन आणि मग ड्रायव्हर होई. पुसलेले पितळही कोणाच्या तरी घामाचेच असते. काजळी आणि चकाकी, दोन्ही जागच्या जागी असल्या म्हणजे ती प्रतिकृती खरी बोलते.

आता आपल्या दारात येऊ. पूर्णा-हिंगोली मीटरगेज १९१२ साली सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ती अकोल्यावरून खांडव्याला जोडली गेली आणि दक्षिण-उत्तरेचे मीटरगेज एक झाले. आपल्या हिंगोली डेक्कन स्टेशनावरून मीनाक्षी एक्सप्रेस जात असे. पुढे पूर्णा-अकोला मार्गाचे रुंदीकरण २००८ पर्यंत झाले. ते हवेच होते. त्याबद्दल मी रडत नाही. पण जुना रूळ उखडला, तसा त्याच्या कामाचा तपशीलही उखडला गेला. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत इंजिनाचा आकार सापडेल. राखेचा ढीग कोणत्या बाजूला पडे आणि खडीवर काळ्या मातीची धूळ किती बसे, हे त्यात कसे सापडणार? ते ज्यांच्या डोळ्यांत आहे ती माणसे आता म्हातारी झाली आहेत. त्यांचे नाव कोणत्याही कोनशिलेवर नाही.

म्हणून माझी मागणी, आणि मागणीशिवाय आमचे भाषण संपत नाही, एवढीच आहे. एखाद्या शाळेने एका टेबलावर मीटरगेजचे हिंगोली स्टेशन उभे करावे. मुलांनी रंग घेऊन निवृत्त फिटर, पॉइंट्समन, गँगमन यांच्या ओसरीवर जावे आणि विचारावे, "काका, काजळी कुठे लावू?" म्हातारा चष्मा पुसून म्हणेल, "तिथे नव्हे, इथे." त्या एका वाक्यात त्याची तीस वर्षांची नोकरी असेल, आणि ती प्रथमच कोणीतरी लिहून घेतलेली असेल. हे काम दहा वर्षांनी करू म्हणाल, तर रंग मिळेल. सांगणारा मिळणार नाही.