आवाज मीच घालवला होता
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आत्ता माझी ओळख 'इलेक्ट्रॉनिक्सवाला' अशी करून दिली गेली. त्या इलेक्ट्रॉनिक्समधला माझा पहिला प्रयोग आज मला कबूल करायचा आहे.

१९९४ ची दिवाळीची सुट्टी. आपल्या वर्गातल्या एका मित्राच्या काकांनी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, टीव्ही गेम आणला होता. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल. मारिओ, कॉन्ट्रा, कॅसेटला फुंकर मारणं... निम्मा वर्ग त्यांच्या घरी पडीक असायचा.

हा गेम टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटला जोडायचा. आत पत्र्याची एक डबी, म्हणजे आरएफ मॉड्युलेटर. ती चित्र आणि आवाज लहरींवर चढवायची, टीव्ही ते पुन्हा उतरवायचा. या चढउतारात आवाजाला गुरगुर चिकटायची. विज्ञानाच्या सरांनी रेडिओचं ट्यूनिंग शिकवलं होतं. मी ते अर्धंच ऐकलं होतं. मित्र फराळ आणायला आत गेला, तेव्हा मी झाकण काढलं आणि डबीतला फेराइटचा गाभा टेस्टरने पिळला. आपल्याकडच्या टीव्हीला आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झवर लागते. ती सरकली. मारिओ मुका झाला, नुसती फसफस उरली. झाकण लावून मी घरी पळालो.

त्याच सकाळी मित्राच्या धाकट्या भावाच्या हातून गेम खाली पडला होता. मार त्याला बसला. दुसऱ्या दिवशी मी तिथेच बसून बिनआवाजाचा मारिओ खेळलो, पण तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी माळा आवरताना मित्राला तो गेम सापडला. "बघ काही होतंय का," म्हणून त्याने माझ्याकडे दिला. गाभा जागेवर आणणं दहा मिनिटांचं काम होतं. पण इतक्या वर्षांच्या उधारीला थोडं व्याज द्यावंसं वाटलं.

आत यूए६५२७पी नावाची चाळीस पायांची चिप आहे. आवाज तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या पायातून निघतो. पहिल्यातून दोन चौकोनी लहरींचे सूर, दुसऱ्यातून त्रिकोणी लहर, खरखर आणि छोटे ध्वनिमुद्रित आवाज. त्रिकोणी लहर खर्ज सांभाळते. तिला लहानमोठं होता येत नाही, एकतर चालू नाहीतर बंद. पुढे हे सगळं एकत्र कालवून त्या डबीत जातं.

मी कालवण्याआधीच दोन्ही पाय गाठले. प्रत्येकाला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे शील्डेड वायर, मागे दोन सॉकेट. चित्रासाठी एका ट्रान्झिस्टरचं छोटं सर्किट. ७८०५ रेग्युलेटरजवळचा जुना फिल्टर कपॅसिटर बदलला, तेव्हा घुमणं थांबलं. पहिल्या प्रयत्नात वायर चित्राच्या लाइनजवळून नेली होती, तर स्क्रीन उजळली की आवाज किरकिरायचा. ती लांबून फिरवली. दोन बाजू फारच तुटक वाटल्या म्हणून मध्ये एक रेझिस्टर टाकून थोडी सरमिसळ केली. डबी मात्र तशीच ठेवली आहे.

आता एका स्पीकरमधून सूर येतात, दुसऱ्यातून खर्ज आणि ठेका. मारिओने उडी मारली की गाण्यातला एक सूर क्षणभर गप्प होतो, कारण त्याच वाहिनीला उडीचा आवाज काढायचा असतो. हे सगळं १९९४ मध्येही त्या चिपमध्ये होतं. आपल्यापर्यंत पोचत नव्हतं, एवढंच.

काम झाल्यावर त्या धाकट्या भावाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मला तर आजपर्यंत वाटत होतं, माझ्याच हातून पडून बिघडला." तीस वर्षं. मला वाटलं होतं, तो कधीच विसरला असेल. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "मग आता आवाज येतो का?"

तो आपल्याच शाळेचा, दोन वर्षं मागचा. आज मुद्दाम बोलावलं आहे, मागच्या रांगेत बसला आहे. त्याची माफी सगळ्यांसमोर मागतो. गेम शेजारच्या वर्गात लावून ठेवला आहे. चहानंतर सगळ्यांनी या, पण पहिला डाव त्याचा.