सॉकेटात बसला, पण चालला का?

इंटेलने 2004 मध्ये आणलेल्या एलजीए 775 या सॉकेटात, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो तीत, पेंटियम 4 पासून कोअर 2 क्वाडपर्यंतचे प्रोसेसर बसतात. परंतु बसणे निराळे आणि चालणे निराळे, हे ध्यानात न घेतल्यामुळे नाहक पैसा खर्च होतो. प्रोसेसर बदलल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळाच राहतो, आणि प्रोसेसर जळाला असे ठरवून धडधाकट वस्तू भंगारात जाते.

अशा वेळी अडचण बहुधा ओळखीची असते. बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वप्रथम चालणारी मदरबोर्डवरील आज्ञावली, ही ओसरीवर बसलेल्या आजोबांसारखी असते. दार कितीही रुंद असले तरी त्यांनी ओळखल्याशिवाय पाहुणा माजघरात जात नाही. जानेवारी 2008 मधील कोअर 2 ड्युओ ई8400 हा 2006 च्या बायोसला परकाच असतो. म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावा. ओळखीच्या माणसालाच आधी घराबाहेर काढले, तर नव्याची ओळख करून देणार कोण?

अर्थात आजोबांनी ओळखले तरी पाहुण्याचे जेवण घराला झेपले पाहिजे. ई8400 साठी 65 वॅट, तर पहिल्या आवृत्तीच्या कोअर 2 क्वाड क्यू6600 साठी 105 वॅट हे प्रमाण धरलेले असते. शिवाय प्रोसेसर व चिपसेट, म्हणजे त्याला मदरबोर्डवरील इतर भागांशी जोडणाऱ्या चिप, यांच्यातील दळणवळणाचा मार्ग, ज्याला फ्रंट साइड बस म्हणतात, तोही जुळावा लागतो. ई8400 ला तो 1333 मेगाहर्ट्झचा हवा आणि 915 चिपसेट 800 वरच थांबतो. तेथे बायोस बदलूनही उपयोग नाही. यासाठी बोर्डावर छापलेला आवृत्ती क्रमांक पाहून निर्मात्याची प्रोसेसर-यादी वाचावी. प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान कोणता बायोस लागतो, हेही तीत दिलेले असते. ही यादी खरेदीनंतर नव्हे, खरेदीपूर्वी वाचायची असते.

पुन्हा सांगणे अगत्याचे आहे: आधी बायोस, मग प्रोसेसर. इतके करूनही पडदा काळा राहिला, तर जुना प्रोसेसर परत बसवून पाहावा. तोही चालला नाही, तर सॉकेट तपासावे, कारण या सॉकेटात पिना प्रोसेसरला नसून बोर्डालाच असतात. विजेरीचा झोत तिरपा धरला की वाकलेली पिन रांगेतून वेगळी चमकते. संगणक सुरू होऊन लगेच मंदावत असेल, तर पंख्याच्या चार खुंट्यांपैकी एखादी अर्धवट बसलेली असते, उष्णता साचते आणि प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो.