शेकडेवारीपलीकडील विद्यार्थी



आपल्या मंडळाचा गुणगौरव आजवर शेकडेवारीवरच होत आला. परंतु ज्ञातीतील काही मुले आता 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट'ची पदविका घेतात. तीत शेकडेवारीच नसल्याने ती आमच्या यादीबाहेर राहतात.

१९६८ साली जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या संस्थेचा हा दोन वर्षांचा विद्यापीठपूर्व अभ्यासक्रम होय. सहा विषयांना प्रत्येकी ७ गुण, ज्ञानमीमांसा व दीर्घ निबंध मिळून ३, असे एकूण ४५. उत्तीर्ण होण्यास किमान २४ लागतात. कला, व्यायाम व सेवा यांतूनही सुटका नाही. निबंध ४,००० शब्दांपर्यंतचा. त्याचा प्रश्न विद्यार्थ्यानेच निवडावयाचा आणि उत्तरही त्यानेच शोधावयाचे.

या शाळांचे शुल्क सामान्य कुटुंबास झेपणारे नाही. ते निधीतून भरावे, असे आम्ही म्हणत नाही. निधी गरजूंचाच राहो. परंतु स्वतः प्रश्न विचारून त्याचा शोध घेण्यास शुल्क पडत नाही. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, कोणत्याही शाळेतील मुलाने मराठीत लिहिलेल्या अशा निबंधास मंडळाने पारितोषिक ठेवावे. मग खेड्यातील व शहरातील मूल एकाच पंक्तीस बसेल.